मध्ययुगीन आख्यायिकांचे सचित्र बालपुनर्कथन

राजा आर्थर, रॉबिन हुड, संत जॉर्ज, फ्रेंच वीर रोलाँ यांसारख्या मध्ययुगीन युरोपीय आख्यायिका नव्या शब्दांत आणि चित्रांच्या जोडीने मुलांना सांगण्याचा प्रकार. हॉवर्ड पाइल यांनी १८८३ साली रॉबिन हुडच्या कथा स्वतःच लिहिल्या आणि चितारल्या. पुढच्या अनेक चित्रकारांनी तोच कित्ता गिरवला.

कठीण काम भाषा सोपी करण्याचे नाही, निवडीचे आहे. इंग्रज कवी स्पेन्सरच्या १५९० च्या महाकाव्यातला संत जॉर्ज ट्रिना शार्ट हायमन यांच्या चित्रांसह मुलांपुढे आला, तेव्हा अख्ख्या काव्यातली ड्रॅगनशी तीन दिवसांची झुंज तेवढी मुख्य ठेवली होती. या चित्रांना १९८५ चे कॅल्डेकॉट पदक (चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकी पुरस्कार) मिळाले.

काटछाट चुकली की कथेचा सांधाच निखळतो. इंग्रज लेखक मॅलरीच्या आर्थरकथेत (मुद्रण १४८५) दगडातून उपसलेली तलवार आणि सरोवरातून मिळालेली तलवार असे दोन वेगळे प्रसंग आहेत. पुनर्कथनात दोन्ही एक केल्या, तर शेवटी ती तलवार झेलायला पाण्यातून हात का वर येतो, हे मुलाला कळत नाही. मरणासन्न आर्थर ती पाण्यात फेकायला सांगतो, तेव्हा त्याचा सरदार बेडिव्हिअर दोनदा कचरतो आणि राजाशी खोटे बोलतो. तिसऱ्या खेपेला फेकतो. जागा वाचवण्यासाठी ही तिहेरी पुनरावृत्ती गाळू नये, मोठ्याने वाचताना तीच रंगते.

चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचे, म्हणजे १६ पानी दोन फर्म्यांचे (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांचे) असते. शीर्षकपाने वजा जाता कथेला १३-१४ जोडपाने (समोरासमोरची दोन पाने) उरतात. मजकूर हजार शब्दांच्या आत ठेवला, तर दर पानावर चित्राला श्वास घेता येतो. चित्रात दिसणारी ढाल, घोडा, किल्ला यांचे वर्णन मजकुरातून काढावे. आवाज, वास, थंडी आणि मनातली भीती मात्र ठेवावी. ड्रॅगन पान उलटल्यावरच दिसावा. जोडपानाच्या मधल्या घडीत चेहरा आला तर शिवणीत गिळला जातो, आणि कडेपर्यंतचे चित्र कापरेषेबाहेर ३ मिमी वाढवले नाही तर पांढरी चीर उरते.

वेशभूषेत शतकांची सरमिसळ ही नेहमीची चूक. आर्थरचा कथाकाळ पाचव्या-सहाव्या शतकाचा मानतात, तर अंगभर पोलादी पत्र्यांचे चिलखत पंधराव्या शतकातले. मॅलरीच्या काळाचा पोशाख निवडणेही योग्यच, पण मग किल्ले, खोगीर, भांडीकुंडी सारे त्याच काळाचे हवे. रॉबिनची प्रेयसी मॅरियन त्याच्या सर्वांत जुन्या पोवाड्यांत नाही. तिला घ्यायचे तर नुसती शोभेला उभी करू नये, कथेत काम द्यावे.

मृत्यू पुसून टाकला की धोका खोटा वाटतो. घाव पडण्याआधीचा क्षण आणि नंतरची शांतता चितारली, तर रक्त न दाखवताही प्रसंग पोचतो.