ग्रंथपालांची पहिली पदोन्नती: घेतलेले प्रशिक्षण आणि दिलेले प्रशिक्षण

महाविद्यालयीन ग्रंथपालाची वेतनस्तर १० वरून ११ वर पदोन्नती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) १८ जुलै २०१८ च्या विनियमांनुसार होते. महाराष्ट्राने ते ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू केले. सेवा किती हवी? पीएच.डी. असेल तर ४ वर्षे, एम.फिल. असेल तर ५, नाहीतर ६. शिवाय २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स आणि ऑटोमेशन-डिजिटायझेशन वगैरे विषयांवरचे किमान ५ दिवसांचे प्रशिक्षण.

प्रस्ताव परत येतात ते बहुतेक या ५ दिवसांपायी. अनेक ग्रंथपाल कर्मचाऱ्यांसाठी आणि विद्यार्थी-मार्गदर्शकांसाठी कार्यशाळा घेतात. डेटाबेसमध्ये शोध कसा घ्यायचा, संदर्भ कसे द्यायचे, वाङ्मयचौर्य कसे टाळायचे, हे मनापासून शिकवतात. मग त्याच कार्यशाळेचे पत्र प्रशिक्षणाच्या रकान्यात जोडतात. ते तिथे चालत नाही. तिथे तुम्ही स्वतः घेतलेले प्रशिक्षण लागते. तुम्ही आयोजित केलेल्या कार्यशाळेची जागा वार्षिक मूल्यमापनात आहे, याच विनियमांच्या परिशिष्ट २ मधल्या तक्ता ४ मध्ये. तिथे ती जरूर दाखवा. सूचनापत्र, कार्यक्रमपत्रिका, सह्यांची हजेरी आणि छोटा अहवाल त्याच आठवड्यात फाइलला लावा. तीन वर्षांनी हजेरीपत्रक शोधत बसणाऱ्यांचे हाल पाहवत नाहीत.

प्रमाणपत्र हातात पडताच त्यावर ‘पासून-पर्यंत’ तारखा आहेत का, विषय स्पष्ट लिहिला आहे का, ते पाहा. नुसते ‘संशोधन कौशल्ये’ असे शीर्षक असेल तर आयोजकांकडून सत्रांचे वेळापत्रक तेव्हाच मागून घ्या. एका दुपारच्या वेबिनारची पाच प्रमाणपत्रे जोडून ५ दिवस होतील, या भरवशावर राहू नका.

प्रस्तावाला लागणारे नियुक्तीपत्र सगळ्यांकडे असते. त्या नियुक्तीला विद्यापीठाने दिलेले मान्यतापत्र मात्र कपाटात सापडत नाही, आणि दुसरी प्रत मिळवायला किती खेटे घालावे लागतील याचा नेम नसतो. ज्यांनी ते दिले त्यांनीच ते पुन्हा मागावे, हा अर्जदाराचा विनाकारण छळ आहे. तरी दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज आजच द्या आणि पोच घ्या.

तारखेचाही गैरसमज आहे. सेवेची वर्षे भरली म्हणजे लाभ त्या दिवसापासून, असे नाही. प्रशिक्षण नंतर झाले तर पदोन्नती पात्रता पूर्ण झाल्याच्या तारखेपासून धरतात आणि मधल्या काळातला वाढीव वेतनाचा लाभ जातो.

ग्रंथालय परिचर आणि लिपिक या पदोन्नतीच्या योजनेत बसत नाहीत.