एफआयआर ऑनलाइन मिळतो, मग चार्जशीट का नाही?

एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर सापडला की पुढची मागणी ठरलेली असते: आता चार्जशीटही (तपास संपल्यावर पोलीस कोर्टात देतात ते दोषारोपपत्र) तिथूनच डाउनलोड करायचं. ते दिसलं नाही की ‘पोलीस दडपतायत’ म्हणून ओरड होते, मग माहिती अधिकाराचा अर्ज जातो आणि नकार येईपर्यंत महिना निघून जातो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता एकदाच नीट लिहून ठेवतो.

एफआयआर म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. फिर्यादीला प्रत मोफत मिळते, आरोपीला अर्ज करून मिळते. बाकीच्यांनी महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख टाकून शोधायचं. लैंगिक अत्याचार, पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांचा कायदा), दहशतवाद असे गुन्हे तिथे दिसणार नाहीत. एखादा एफआयआर संवेदनशील ठरवून बाहेर ठेवण्याचा निर्णय उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. त्यामुळे पोर्टलवर नाही म्हणजे गुन्हाच नोंदला नाही, असं समजू नका.

खरी गफलत होते ती एफआयआर मुळात ऑनलाइन का आला, या प्रश्नावर. लोकांना वाटतं, जनतेला गुन्हेगारांची माहिती मिळावी म्हणून. तसं नाही. यूथ बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 7 सप्टेंबर 2016 रोजी एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला (नेटवर्कची किंवा दुर्गम भागाची अडचण असेल तर जास्तीत जास्त 72 तास). ज्याच्यावर गुन्हा नोंदला गेला, त्याला आपल्यावर नेमका काय आरोप आहे हे लगेच कळावं आणि वेळेत कोर्टात दाद मागता यावी, हा त्यामागचा विचार होता. ती सोय आरोपीसाठी आहे. आपल्याला तो कागद वाचायला मिळतो, तो त्या ओघात.

हे लक्षात घेतलं की पुढचं आपोआप उलगडतं. पत्रकार सौरव दास यांनी याचिका केली होती की एफआयआर खुला आहे, तर तपास पूर्ण झाल्यावर तयार होणारं चार्जशीट तर खुलं असायलाच हवं. ऐकायला पटतं. पण 20 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. 2016 चा आदेश आरोपीच्या हितासाठी होता, तो ताणून चार्जशीट सगळ्या जगासमोर मांडता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. चार्जशीट हा सार्वजनिक दस्तऐवज नाही आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 खाली पोलिसांनी ते आपणहून जाहीर करण्याचं बंधनही नाही.

मला हा निकाल योग्य वाटतो. चार्जशीटचा गठ्ठा उघडून पाहिलेल्याला कारण सांगावं लागत नाही. त्यात साक्षीदारांचे जबाब असतात, वैद्यकीय कागद असतात, फोनचे तपशील आणि बँकेचे उतारे असतात. ज्यांच्यावर कसलाच आरोप नाही अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं असतात. हा गठ्ठा कोर्टात जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 नुसार आरोपीला त्याची प्रत विनामूल्य मिळते, आणि पीडित व्यक्तीने वकील दिला असेल तर तिलाही. आरोपी कोर्टात हजर झाल्यापासून 14 दिवसांच्या आत. तिसऱ्या कुणाला हवं असेल तर कोर्टात कारण देऊन नकलेसाठी अर्ज करायचा. द्यायची की नाही ते कोर्ट ठरवतं. पोलीस ठाण्यात हेलपाटे मारून काही हाती लागत नाही.

प्रकरण पुढे कुठे गेलं एवढंच पाहायचं असेल, तर चार्जशीटची गरजही नाही. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर तारखा, आदेश आणि निकाल पाहायला मिळतात, आणि बहुतेकांना हवं असतं ते तेवढंच. तरीही नोकरी देणारे आणि घर भाड्याने देणारे एफआयआरवर थांबतात, याचा मला मनापासून राग आहे. पोलिसांनी तपासाअंती फिर्याद खोटी ठरवून ‘ब समरी’ पाठवली असेल, किंवा खटल्यात माणूस निर्दोष सुटला असेल, तर त्यातलं काहीच एफआयआरच्या प्रतीवर नसतं. ती प्रत पहिल्या दिवशीची आहे आणि तशीच राहते.

पैसे घेऊन ‘क्रिमिनल रेकॉर्ड’ काढून देणाऱ्या एजंटांपासून तर लांबच राहा. नुसतं नाव टाकून शोधलं की त्याच नावाच्या दुसऱ्याच माणसाचा खटला पुढ्यात येऊ शकतो. एफआयआरवरून गु. र. नं. (गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजेच एफआयआर क्रमांक), वर्ष आणि पोलीस ठाणं टिपून घ्या, ई-कोर्ट्सवर त्याच जिल्ह्याच्या न्यायालयांत एफआयआर क्रमांकाने शोधा. चार्जशीट कोर्टात दाखल होऊन खटल्याला क्रमांक पडला असेल, तर 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळतो. तो जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक तारखेला तोच लागतो.