रंगीत प्रिंट आणि दोन थरांमधली पिवळी फट

डार्करूम म्हटलं की लाल दिवा आठवतो. ट्रेमधल्या डेव्हलपरमध्ये कोरा कागद हलतोय आणि त्यावर हळूहळू चेहरा उमटतोय, हे सुख त्या लाल उजेडानेच दिलं. म्हणून घरी पहिल्यांदा रंगीत प्रिंट काढायला बसलेला माणूस हमखास विचारतो, आता कुठला दिवा लावू? या प्रश्नाचं उत्तर काळाप्रमाणे बदलत गेलं आहे आणि त्याची मुळं रंगीत कागदाच्याही मागे जातात.

चांदीचे क्षार मुळात निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देतात. त्यामुळे फिल्मच्या आधीच्या जुन्या काचेच्या प्लेटा लाल उजेडात निर्धास्त धुता यायच्या. 1873 मध्ये बर्लिनचे प्राध्यापक हर्मान विल्हेल्म फोगेल यांच्या लक्षात आलं की इमल्शनमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या चांदीच्या क्षारांच्या लेपात, योग्य रंगद्रव्य मिसळलं तर प्लेट हिरवाही टिपते. फोटोग्राफीसाठी ही मोठीच झेप होती, पण डार्करूमच्या दिव्याची अडचण तिथूनच सुरू झाली. 1906 च्या सुमारास इंग्लंडमधल्या क्रॉयडनच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने लालसकट सगळे रंग टिपणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक प्लेटा बाजारात आणल्या आणि लाल दिवा निकामी झाला. या कंपनीतले केनेथ मीस यांनी सेफलाइटच्या, म्हणजे डार्करूममध्ये चालणाऱ्या दिव्याच्या, फिल्टरांवर पद्धतशीर काम केलं. 1912 मध्ये कोडॅकने कंपनी विकत घेतली आणि मीस अमेरिकेत रॉचेस्टरला गेले. पॅन्क्रोमॅटिक प्लेटांसाठी मंद, गडद हिरवा दिवा वापरात आला, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला हिरवट उजेड सर्वांत लवकर जाणवतो. प्लेटेला कमीत कमी दिसावं आणि डोळ्याला जास्तीत जास्त, हे सूत्र पुढे रंगीत कागदालाही लागू पडलं.

कोडॅकने 1942 मध्ये कोडाकलर ही रंगीत निगेटिव्ह फिल्म आणली, पण रोल धुणं आणि प्रिंट काढणं कंपनीच्याच हातात होतं. तो खर्च फिल्मच्या किमतीतच धरलेला असे. अमेरिकी सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याचा बडगा उगारल्यावर 1954 अखेर तडजोड झाली आणि हे काम इतरांनाही खुलं झालं. 1955 मध्ये ‘टाइप सी’ हा रंगीत कागद आला. आजही गॅलऱ्यांमध्ये ‘सी-प्रिंट’ म्हणतात, ते नाव तिथलंच. रंगीत प्रिंटचं काम खऱ्या अर्थाने कारखान्याबाहेर आलं ते तेव्हापासून.

रंगीत कागदावर तीन थर असतात, निळ्याला, हिरव्याला आणि लालला संवेदनशील. तेव्हा उजेड कोणत्याही रंगाचा असला तरी एखादा थर तो टिपणारच. पण कागदाला डोळ्यासारखं सगळं बघायचं नसतं, तो फक्त निगेटिव्हमधली रंगद्रव्यं वाचतो. म्हणून हिरव्या थराच्या संवेदनेचं शिखर साधारण 550 नॅनोमीटर तरंगलांबीला आणि लाल थराचं थेट 700 च्या आसपास ठेवलेलं असतं. या दोन शिखरांमध्ये 590 च्या आगेमागे एक खोलगट फट उरते. डोळा मात्र तिथे भर उजेडातल्या आपल्या कमाल क्षमतेच्या जवळपास तीन-चतुर्थांश संवेदनशील असतो. ही फट मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

कोडॅकचे गडद अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी, फिल्टर, आधी 10 क्रमांकाचा आणि नंतर 13 क्रमांकाचा, याच फटीसाठी होते. सोबत साडेसात वॅटचा बल्ब, आणि तोही कागदापासून किमान चार फूट लांब. याहून नेमका उपाय सोडियमचा. त्याच्या वाफेचा पिवळा उजेड 589 नॅनोमीटरलाच एकवटलेला असतो. ओसरामचा डुका 50 आणि थॉमस ड्युप्लेक्स हे दिवे त्याच तत्त्वावर चालत. पुढे अंबर एलईडी आले.

तरीही रंगीत कागदासमोर हे दिवे पूर्ण सुरक्षित कधीच नव्हते. दिवा सुरक्षित आहे का हे बघायची नाण्याची चाचणी मी सुरुवातीला चुकीची केली. कोऱ्या कागदावर रुपयाचं नाणं ठेवून सेफलाइट पाच मिनिटं चालू ठेवला आणि कागद धुतला. नाणं उमटलं नाही, मी निश्चिंत झालो. प्रिंटमध्ये मात्र पांढरा सदरा दर वेळी निळसर यायचा. एन्लार्जरचे, म्हणजे निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडणाऱ्या यंत्राचे, फिल्टर फिरवून तो सुधारला की सावल्या तांबूस व्हायच्या. चूक अशी की मंद उजेड एकटा असताना संवेदनेचा उंबरठा ओलांडत नाही, पण एन्लार्जरच्या उजेडाने कागद उंबरठ्यावर आणून ठेवला की तेवढाच मंद उजेड पुरतो. म्हणून कागदाला आधी फिकट राखाडी येईल एवढं एक्स्पोजर द्यायचं आणि मग नाणं ठेवायचं. तसं केलं तेव्हा नाण्याखाली स्वच्छ राखाडी वर्तुळ आणि बाहेर सायनची, म्हणजे निळसर हिरवी, झाक दिसली. सायन रंग लाल थरातून येतो, म्हणजे लाल थराने माझा दिवा टिपला होता.

स्लाइडवरून थेट प्रिंट काढायच्या सिबाक्रोमला तर सेफलाइट चालतच नसे, तिथे पूर्ण काळोख. पण घरच्या प्रिंटरला दिव्याच्या प्रश्नातून सोडवलं ते ड्रमने. उजेड आत न जाणाऱ्या या नळीत कागद सरकवला की रसायनं बाहेरून, दिवा लावून ओतता येतात. रंगीत कागद धुण्याच्या आरए-4 प्रक्रियेत 35 अंशांना डेव्हलपर 45 सेकंदांत काम उरकतो, त्यामुळे उघड्या ट्रेकडे टक लावून बसण्यातही अर्थ उरला नाही. लेसरने प्रिंट काढणाऱ्या यंत्रांचा जमाना आल्यावर कोडॅकच्या एन्ड्युरा या रंगीत कागदाच्या सूचनापत्रातही पूर्ण अंधारातच काम करा, सेफलाइटचा परिणाम प्रिंटवर होईल, असं आलं. अगदीच नाइलाज असेल तर 13 क्रमांकाचा फिल्टर.

म्हणून मी आता दिवा लावत नाही. निगेटिव्ह फोकस करून झालं की सगळं बंद करतो, पाकिटातून कागद काढतो, गुळगुळीत इमल्शनची बाजू बोटाच्या कडेने चाचपून इझलवर, म्हणजे कागद धरणाऱ्या चौकटीत, वर करून ठेवतो. एक्स्पोजर झालं की ड्रममध्ये वळवून सरकवतो. जेमतेम दोन मिनिटांचा काळोख. झाकण फिरवून घट्ट बसलं की भिंतीवरचं बटण दाबायचं, साध्या पांढऱ्या दिव्याचं.