बाहेरच्या व्यक्तीला रेडमाइनचे लॉगिन देताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"सल्लागाराला आम्ही एकाच प्रोजेक्टमध्ये घेतले होते, मग त्याला बाकीचे प्रोजेक्ट कसे दिसतात?" हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो आणि त्याचे निराकरण करण्यात आपला व आमचा बराच वेळ जातो. रेडमाइन, म्हणजे प्रोजेक्टची कामे नोंदवण्याचे वेब-सॉफ्टवेअर, आपण रोज वापरता, त्यामुळे नोंदी, रोल (अधिकारांचा संच) आणि सदस्य (प्रोजेक्टमध्ये रोल देऊन घेतलेली व्यक्ती) यांची याहून अधिक ओळख येथे करून देत नाही.

बहुतेक वेळा घडते ते असे. पुरवठादाराच्या माणसाचे लॉगिन तयार करताना सोय म्हणून त्याला कर्मचाऱ्यांच्या ग्रुपमध्ये घातले जाते, आणि त्या ग्रुपला ज्या ज्या प्रोजेक्टमध्ये रोल दिलेला असतो तेथे तो त्यालाही मिळतो. त्याला गरजेपेक्षा जास्त दिसते आहे हे लक्षात आल्यावर कमी अधिकारांचा एक नवा रोल बनवून तोही त्याला दिला जातो आणि काम झाले असे समजले जाते. प्रत्यक्षात याने काहीही कमी होत नाही. एका सदस्याला एकाच प्रोजेक्टमध्ये अनेक रोल असू शकतात आणि त्या सर्वांच्या अधिकारांची बेरीज होते. वजाबाकी करणारा, म्हणजे मनाई करणारा रोल रेडमाइनमध्ये नाही. शिवाय ग्रुपमुळे मिळालेला रोल प्रोजेक्टच्या सदस्य-यादीतून काढता येत नाही, त्यासाठी त्या व्यक्तीला ग्रुपमधूनच बाहेर काढावे लागते. तेव्हा बाहेरच्या व्यक्तीला कर्मचाऱ्यांच्या कोणत्याही ग्रुपमध्ये, एका दिवसापुरतेही, घालू नये ही आमची कळकळीची विनंती आहे.

ग्रुपमध्ये न घालताही इतर प्रोजेक्ट दिसत असतील, तर ते 'पब्लिक' आहेत का ते पाहावे. पब्लिक प्रोजेक्टमध्ये सदस्य नसलेल्या, पण लॉगिन असलेल्या प्रत्येकाला 'नॉन मेंबर' या अंगभूत रोलचे अधिकार मिळतात. सर्व लॉगिन आपल्याच लोकांची असतात तोवर ही सोय उत्तम असते. पहिले बाहेरचे लॉगिन तयार झाले की तीच अडचण ठरते. नवे प्रोजेक्ट आपोआप पब्लिक होऊ नयेत यासाठी सेटिंगमध्ये एक खूण काढावी लागते. आम्ही बसवून दिलेल्या प्रत्येक रेडमाइनमध्ये ती काढलेली असते. आपण स्वतः बसवले असेल तर ती आधी तपासावी. त्याच वेळी बाहेरच्यांसाठीच्या रोलमध्ये वापरकर्त्यांची दृश्यता 'दिसणाऱ्या प्रोजेक्टचे सदस्य' इतकीच ठेवावी, नाहीतर आपल्या सर्व कर्मचाऱ्यांची आणि इतर ग्राहकांचीही नावे त्या व्यक्तीला दिसू शकतात.

आम्ही प्रत्येक कामासाठी दोन प्रोजेक्टची मांडणी सुचवतो, तेव्हा काही ग्राहकांना ती उगाच वाढवलेली वाटते. मुख्य प्रोजेक्ट फक्त आपल्या लोकांसाठी असतो आणि त्याच्या पोटात बाहेरच्यांसाठी एक सब-प्रोजेक्ट असतो. सदस्यत्वाचा वारसा वरून खाली येतो, खालून वर जात नाही. त्यामुळे सब-प्रोजेक्टवर 'इनहेरिट मेंबर्स' ही खूण केली की आपली माणसे तेथे आपोआप येतात, आणि केवळ सब-प्रोजेक्टचा सदस्य असलेल्या पाहुण्याला खाजगी मुख्य प्रोजेक्ट दिसत नाही. प्रवेशाची मूळ स्थिती 'नाही' अशी असावी आणि परवानगी दिली असेल तेवढेच उघडावे, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावरील १९७५ च्या आपल्या निबंधात मांडले होते. आमची मांडणी त्याच तत्त्वावर उभी आहे.

एकाच प्रोजेक्टमध्ये 'खाजगी टिप्पणी', म्हणजे तसा अधिकार असलेल्यांनाच दिसणारी टिप्पणी, वापरून भागणार नाही का, असेही विचारले जाते. ती सोय चांगली आहे, पण तिचा भरवसा दर वेळी खूण करण्याच्या आठवणीवर आहे. एखाद्याने घाईत ती खूण केली नाही तर टिप्पणी ईमेलने बाहेर जाऊ शकते, आणि नंतर ती खाजगी केली तरी गेलेला ईमेल परत येत नाही. दराविषयीची किंवा एखाद्याच्या कामाविषयीची अंतर्गत चर्चा म्हणूनच मुख्य प्रोजेक्टमध्येच व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही मांडणी झाल्यावर ॲडमिनच्या लॉगिनने तपासणी करू नये, कारण ॲडमिनला सर्वच दिसते. पाहुण्याचाच रोल दिलेले एक चाचणी लॉगिन तयार करावे, ब्राउझरच्या खाजगी खिडकीत त्या लॉगिनने आपण प्रवेश करावा आणि प्रोजेक्टची यादी, शोध तसेच नोंदलेला वेळ ही तीन ठिकाणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत. यात काही मिनिटे जातात. आमच्या देखभाल करारातील ग्राहकांसाठी ही तपासणी आम्ही दर तीन महिन्यांनी करतो आणि कोणाला काय दिसते याची यादी लेखी पाठवतो.

काम संपल्यावर त्या बाहेरच्या व्यक्तीचे लॉगिन पुसू नये, लॉक करावे, म्हणजे प्रवेश बंद होतो पण नाव राहते. पुसल्यास तिच्या जुन्या नोंदी आणि टिप्पण्या 'अनामिक' नावावर जातात, आणि कोणी काय कबूल केले होते हे पुढे दाखवता येत नाही. एका कंपनीतील चौघांना मिळून एकच लॉगिन देऊ नये, त्याचेही कारण हेच आहे.

नवे बाहेरचे लॉगिन आमच्याकडून करून हवे असल्यास व्यक्तीचे नाव, ईमेल, सब-प्रोजेक्ट, तिने काय पाहावे व काय बदलावे, आणि प्रवेश कोणत्या तारखेला बंद करायचा हे लेखी कळवावे. फोनवर सांगितलेले अधिकार आम्ही तत्काळ देत नाही, याचा काहींना राग येतो हे आम्ही जाणतो; मात्र मागणी लेखी आणि पूर्ण असल्यास लॉगिन त्याच कामाच्या दिवशी तयार करून, चाचणी घेऊनच आपल्या हाती दिले जाते.