गर्भाशयमुखाचा कॅन्सर: प्रदेशानुसार प्रमाण वेगळं का असतं

गर्भाशयमुखाचा कॅन्सर, बोलीत गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, जगात कुठेही गेलात तरी त्याचं मूळ कारण जवळपास एकच आहे, एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या व्हायरसचं वर्षानुवर्षं न गेलेलं इन्फेक्शन, आणि या व्हायरसचे १६ आणि १८ हे दोन प्रकारच सुमारे ७० टक्के केसेसच्या मागे असतात. तरीसुद्धा २०२० च्या अंदाजानुसार पूर्व आफ्रिकेत दर लाख बायकांमागे वर्षाला साधारण ४० नव्या पेशंट आणि पश्चिम आशियात ४ च्या आसपास, म्हणजे सरळ दहापट फरक, आणि हे आकडे लोकसंख्येतल्या वयाचा फरक धरूनच काढलेले आहेत.

थोडा फरक व्हायरस किती पसरलाय यावरून पडतो. शरीरसंबंध कमी वयात सुरू होणं, बाईचे किंवा तिच्या नवऱ्याचे जास्त जोडीदार असणं, याने इन्फेक्शनची शक्यता वाढते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, की आयुष्यभर एकाच पुरुषासोबत राहिलेल्या बाईलाही हा आजार होतो, त्यामुळे पेशंटच्या चारित्र्यावर बोट ठेवणं हा निव्वळ अन्याय आहे. बहुतेक बायकांचं इन्फेक्शन दोनेक वर्षांत आपोआप जातं. ज्यांचं जात नाही त्यांच्यात सिगारेट, खूप बाळंतपणं, पाच वर्षांपेक्षा जास्त काळ घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यांनी धोका वाढतो, पण या सगळ्यांपेक्षा मोठं कारण एचआयव्ही. एचआयव्ही असलेल्या बाईला हा कॅन्सर होण्याची शक्यता सहापट असते, आणि एस्वातिनी, मलावी, झांबिया, झिम्बाब्वे हे आफ्रिकेतले देश या कॅन्सरच्या प्रमाणात इतके वर दिसतात त्यामागे हे मोठं कारण आहे.

पण माझ्या मते खरा फरक पडतो तो मधल्या वर्षांत काय केलं यावर. इन्फेक्शनपासून कॅन्सरपर्यंत सहसा १५ ते २० वर्षं जातात, प्रतिकारशक्ती कमी असेल तर ५ ते १०, आणि एवढ्या काळात पेशींमधले बदल कधीही पकडता येतात. फिनलंडने १९६० च्या दशकात बायकांना पत्र पाठवून पॅप टेस्टला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून स्लाइडवर तपासायला, बोलवायला सुरुवात केली आणि तिथलं प्रमाण खूप खाली आलं. पॅप टेस्टला लॅब लागते, स्लाइड वाचणारा माणूस लागतो, रिपोर्ट घ्यायला बाईला परत यावं लागतं, आणि गरीब भागात नेमकं इथेच सगळं तुटतं. म्हणून तिथे साधी तपासणी करतात, नर्स गर्भाशयमुखावर कापसाने पातळ अॅसिटिक अॅसिड लावते, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, मिनिटभर थांबते, बदललेला भाग पांढरा दिसतो आणि जमलं तर त्याच भेटीत तो जाळून टाकता येतो. आता एचपीव्ही टेस्टचा नमुना बाई स्वतःच घेऊ शकते, ज्यांना तपासून घ्यायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे.

एचपीव्हीवरची लस २००६ पासून आहे. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना द्यायला घेतली, रवांडाने २०११ मध्ये, म्हणजे श्रीमंत असल्याशिवाय जमत नाही असं काही नाही. उलट जपानने २०१३ मध्ये लसीची सक्रिय शिफारस थांबवली, तिथे लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होतं ते १ टक्क्याच्याही खाली आलं, आणि शिफारस परत सुरू व्हायला २०२२ उजाडलं. त्या मधल्या वर्षांतल्या मुलींचं वाईट वाटतं.

आकडे वाचताना एक लक्षात ठेवायचं, जिथे कॅन्सरची नोंदच नीट होत नाही तिथे प्रमाण कमी दिसू शकतं. आणि मृत्यूचा फरक वेगळाच बघावा लागतो, कारण संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर परत रक्त जाणं हे कित्येक जणी लाजेने अंगावर काढतात, आजार पुढे गेल्यावर रेडिओथेरपी लागते, आणि काही देशांत तिचं एकही मशीन नाही.