ताटल्यांसाठी बगॅस आणायचा कुठून?

एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली आणि बगॅसच्या, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चोथ्याच्या, ताटल्या पंगतीपासून खाऊगल्लीपर्यंत सगळीकडे दिसू लागल्या. त्यांच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: ‘वाया जाणाऱ्या उसाच्या चोथ्यापासून’. हे वाक्यच चुकीचं आहे. साखर कारखान्यात बगॅस वाया जात नाही. तो बॉयलरमध्ये जळतो आणि त्याच्या वाफेवर अख्खा कारखाना चालतो. म्हणूनच ‘बगॅस किती निघतो’ आणि ‘बगॅस किती मिळेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दिवसाला ५,००० टन ऊस गाळणारा कारखाना घ्या. बगॅस उसाच्या साधारण २८ टक्के, म्हणजे १,४०० टन. रस आटवायला आणि टर्बाइन फिरवायला उसाच्या ४५ टक्के वाफ लागते असं धरलं, तर ती झाली २,२५० टन. एक किलो बगॅसपासून सुमारे २.२ किलो वाफ मिळते, म्हणजे १,०२३ टन बगॅस तिथेच संपला. रसातली मळी (गाळ) वेगळी करणाऱ्या फिल्टरवर बारीक भुसा लागतो, त्याचे ४० टन. बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू करायचा साठा आणि उडून-सांडून जाणारा माल मिळून आणखी ५० टन. हातात उरले जेमतेम २८७ टन.

पण हे टन ओले की कोरडे? मोजणीत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ऊस पिळणाऱ्या शेवटच्या मिलमधून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं. १,४०० टनांत कोरडा माल ७००च. रोलरचा दाब कमी पडला किंवा दात झिजले आणि ओलावा ५० वरून ५२ टक्क्यांवर गेला, की तोच ७०० टन माल काट्यावर १,४५८ टन भरतो. वाढलेले ५८ टन म्हणजे निव्वळ पाणी. किलोमागे मिळणारी निव्वळ उष्णता मात्र १,८०० किलोकॅलरीवरून सुमारे १,७०० वर उतरते, कारण ते पाणी उडवायलाही जळण खर्ची पडतं. काट्यावर माल वाढलेला दिसतो, तंतू मात्र तेवढेच राहतात. खरेदीचा करार कोरड्या वजनावरच हवा, आणि प्रत्येक खेपेचा नमुना १०५ अंशांवर वाळवून ओलावा मोजायला हवा.

आता पुढे. २८७ ओले म्हणजे १४३ कोरडे. त्यातला सुमारे ३० टक्के भाग पिथ, म्हणजे उसाच्या गाभ्यातला भुसभुशीत भाग. तो रसायनं पितो आणि ताटलीला ताकद देत नाही, म्हणून आधी झटकून काढतात. राहिले १०० टन. शिजवून, धुऊन, ब्लीच करून त्यांचा लगदा होतो ४५ ते ५० टन. ५० टन लगदा आणि २० ग्रॅमची एक ताटली धरली तर दिवसाच्या २५ लाख ताटल्या. आकडा मोठा वाटतो, पण गाळप वर्षभर चालत नाही. हंगाम १२० दिवसांचा आणि लगद्याचा कारखाना ३३० दिवस चालवायचा, तर रोजच्या वाट्याला १८ टनच येतात. बाकीचे महिने साठ्यावर काढायचे. उरलेल्या २-३ टक्के साखरेमुळे ढीग आंबतो, आतून तापतो, कधी पेट घेतो. काळपटलेल्या तंतूंना ब्लीचही जास्त लागतं.

कारखान्यात सहवीजनिर्मिती असेल, तर हे २८७ टनही बहुधा उरत नाहीत. त्यांची वीज होऊन ग्रिडला जाते. अशा वेळी बगॅस वाढवायचा खरा मार्ग वाफेच्या बचतीतून जातो. वाफ ४५ वरून ३८ टक्क्यांवर आणली, की रोज जवळपास १६० टन सुटतात.

शिवाय ऊस दरवर्षी सारखा नसतो. महाराष्ट्रात २०२१-२२ मध्ये १,३०० लाख टनांहून जास्त गाळप झालं, तर २०२४-२५ मध्ये ते ८५० लाख टनांच्या आसपास घसरलं आणि कित्येक कारखान्यांची धुराडी शंभर दिवसांच्या आतच थंडावली. ताटल्यांच्या प्रकल्पाचा हिशेब अशा ९० दिवसांच्या हंगामावर मांडून पाहावा: रोजचा १८ टन लगदा १३-१४ टनांवर येतो.