जन्मतः मोठे बोट: निदान हाडापासून मज्जातंतूपर्यंत कसे पोचले

२२ डिसेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रॉन्टगेन यांनी पत्नीच्या हाताचा एक्स-रे काढला. पुढे १९७७ मध्ये पीटर मॅन्सफिल्ड आणि अँड्र्यू मॉड्स्ली यांनी जिवंत माणसाच्या अवयवाची एमआरआय छेदप्रतिमा प्रसिद्ध केली, तीही बोटाचीच. मॅक्रोडॅक्टिलीचे, म्हणजे जन्मजात अतिवाढलेल्या बोटाचे, निदान या दोन्ही तंत्रांवर उभे आहे. एक्स-रेने बोट किती वाढले ते मोजता आले. ते का वाढले, हे कळायला मात्र मऊ ऊतके दिसावी लागली.

या विकारात हाड, चरबी, त्वचा, नख, मज्जातंतू असे सगळेच वाढते. बहुधा एकाच हाताला, तर्जनी आणि मधल्या बोटाला, आणि पुष्कळदा शेजारशेजारच्या दोन बोटांना मिळून. फेरिझ यांनी १९२५ मध्ये चरबीच्या या वाढीला ‘मॅक्रोडिस्ट्रोफिया लिपोमॅटोसा’ हे नाव दिले. १९६७ मध्ये बार्स्की यांनी दोन प्रकार वेगळे केले: स्थिर, ज्यात मोठे बोट इतर बोटांच्याच प्रमाणात वाढते, आणि प्रगतिशील, ज्यात ते त्यांना मागे टाकत जाते. हा फरक एका फिल्मवर ठरत नाही. म्हणूनच ठरावीक काळाने तसाच एक्स-रे पुन्हा काढण्याला महत्त्व आले.

‘तसाच’ हा शब्द इथे काटेकोरपणे घ्यायचा. दोन्ही हातांची समोरून फिल्म आणि वाढलेल्या बोटाची बाजूने वेगळी फिल्म हवी. प्रत्येक पेराची लांबी, मध्यावरची रुंदी आणि बोट कलल्याचा कोन नोंदवायचा. तळव्याच्या बाजूला चरबी जास्त असल्याने असे बोट मागे वाकते आणि प्लेटवर सपाट बसत नाही. तिरके राहिलेले पेर फिल्मवर आखूड दिसते आणि प्लेटपासून उचललेले बोट मोठे दिसते. सहा महिन्यांत दोन मिलिमीटर वाढ झाली की बोट वेगळे ठेवले गेले, हे मग सांगता येत नाही. फिल्मवर पेरे लांब आणि रुंद दोन्ही दिसतात, टोकाकडची जास्त. शेवटच्या पेराचे टोक अळंबीसारखे पसरलेले असते आणि भोवती चरबीचा काळपट पट्टा असतो. हातात तळहाताची हाडे बहुधा वाढीतून सुटतात, पायात मात्र मेटाटार्सल, म्हणजे पावलातली लांब हाडेही अनेकदा वाढलेली असतात.

हाडाचे वय ठरवण्यासाठी ग्रॉइलिख आणि पाइल यांचा १९५० च्या दशकातला अ‍ॅटलास आजही वापरतात. त्यात तुलना डाव्या हाताशी असते. वाढलेले बोटच डाव्या हाताचे असेल, तर तिथली वाढकेंद्रे वयाच्या पुढे गेलेली असू शकतात, म्हणून निरोगी उजव्या हाताचा एक्स-रे पाहावा. हाडाच्या या वयावर शस्त्रक्रियेची वेळ ठरते. बोट त्याच लिंगाच्या पालकाच्या बोटाएवढे लांब झाले की ग्रोथ प्लेट, म्हणजे हाडाची लांबी वाढवणारा कूर्चेचा थर, बंद करतात. त्याने लांबी थांबते, जाडी थांबत नाही, हे पालकांना आधीच सांगायला हवे.

मोठे बोट पुष्कळदा मीडियन नर्व्हच्या, म्हणजे मनगटातून तळहातात येणाऱ्या एका मुख्य मज्जातंतूच्या, हद्दीत असते, हे शल्यविशारदांच्या लक्षात आधीच आले होते. हा मज्जातंतू जाडजूड आणि चरबीने भरलेला असल्याचे चित्र एमआरआयने चाकूशिवाय दाखवले. टी-१ प्रतिमेच्या (चरबी पांढरी दाखवणाऱ्या एमआरआय प्रतिमेच्या) आडव्या छेदात पांढऱ्या चरबीत काळे ठिपके दिसतात, जणू एकाच आवरणात अनेक तारा असलेली केबल. उभ्या छेदात त्याच तारा शेवयांसारख्या नागमोडी जातात. हे इतके नेमके आहे की निदानासाठी मज्जातंतूचा तुकडा काढू नये. चरबी तंतूंच्या मधोमध शिरलेली असते, त्यामुळे तुकडा काढताना बोटाची संवेदना जाऊ शकते. तपासणी बोटापुरती न ठेवता मनगट आणि कोपराखालपर्यंत न्यावी, कारण मूळ जाडी अनेकदा तिथे असते.

इथे तंत्र चुकण्याची मोठी जागा आहे चरबी दाबण्याची, म्हणजे एमआरआय प्रतिमेत चरबीचा उजळ सिग्नल काढून टाकण्याची. बोट चुंबकाच्या मध्यापासून दूर आणि आकाराने वेडेवाकडे असते, म्हणून फॅट-सॅच्युरेशन ही चरबी दाबण्याची पद्धत असमान चालते आणि न दाबलेली चरबी सूज वाटते. त्यासाठीची स्टिर किंवा डिक्सन ही दुसरी पद्धत जास्त भरवशाची. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेले, प्रतिमेत उजळ दिसणारे द्रव्य) दिल्यानंतर मात्र स्टिर टाळावी, कारण ती कॉन्ट्रास्ट घेतलेल्या भागाचा सिग्नलही दाबू शकते. एमआरआयसाठी लहान मुलाला औषधाने झोपवावे लागते, म्हणून आधी सोनोग्राफी करावी. चरबीच्या उजळ पार्श्वभूमीवर काळपट तंतू तिथेही दिसतात, आणि रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीने रक्तवाहिन्यांची विकृती ओळखता येते. एक्स-रेवर शिरांमध्ये चुन्याचे गोल खडे दिसले तर शिरांच्या विकृतीचा विचार करावा. पेरांच्या आत कूर्चेच्या गाठी असतील तर ओलिए रोगाचा.

शरीराचे वेगवेगळे भाग असमान वाढणाऱ्या एका विकाराला विडेमान यांनी १९८३ मध्ये प्रोटियस सिंड्रोम हे नाव दिले. २०११ मध्ये त्यामागे एकेटी-१ जनुकातला बदल सापडला. २०१३ मध्ये एकाकी, म्हणजे अशा सिंड्रोमविना असलेल्या, मॅक्रोडॅक्टिलीतही पीआयके-३-सीए जनुकातले बदल दिसले. हे बदल शरीराच्या काही पेशींतच असतात, त्यामुळे रक्ताचा नमुना बहुधा निर्दोष येतो. नमुना वाढलेल्या ऊतकातूनच घ्यावा लागतो, आणि शस्त्रक्रियेत काढलेली चरबी त्यासाठी चालते. मज्जातंतू टाळून ती कुठून काढायची, ते एमआरआय सांगतो.

एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत पीआयके-३-सीए जनुकाशी निगडित अतिवाढीच्या गंभीर रुग्णांसाठी, वयाच्या दोन वर्षांपासून पुढे, अल्पेलिसिब या औषधाला मान्यता मिळाली. त्यामागच्या अभ्यासात परिणाम प्रतिमांवरच मोजला होता: निवडलेल्या भागांचे एकूण आकारमान किमान २० टक्के घटले, तर प्रतिसाद. त्यामुळे औषध सुरू होण्यापूर्वीचा एमआरआय कोणत्या कॉइलने (सिग्नल टिपणाऱ्या वेटोळ्याने), किती जाडीच्या छेदांनी, हात कसा ठेवून काढला, ते अहवालात लिहून ठेवावे. पुढची प्रत्येक तपासणी त्याच मापाने करायची असते.